अकरा नावांची यादी

जिल्हा परिषदेची शाळा, काष्टीजवळ, ता. श्रीगोंदा
गुरुवार, २३ एप्रिल २०२०

ती. मुक्ताअक्का यांना,

धाकट्या जावेचा वाकून नमस्कार. खुशाली आधी लिहायची असते म्हणून आधी तीच लिहिते. आम्ही अकराच्या अकरा बायका धडधाकट आहोत, कुणाला ताप नाही की खोकला नाही. तुमची दिपाली माझ्या शेजारी वर्गातल्या फरशीवर पाय पसरून बसली आहे. पावलं सुजली आहेत तिची, पण तोंड चालू आहे. ‘आईला लिव्हा, काकी मला भात जास्त वाढत न्हाई,’ असं सांगतेय. म्हणजे काळजीचं कारण नाही.

फोन का केला नाही म्हणून तुम्ही मला चार शिव्या हासडल्या असतील. अहो, फोन तुमच्या दिरांच्या खिशात, दीर ट्रकात, आणि ट्रक आम्हाला इथं टाकून निघून गेला. मास्तरांच्या मोबाईलवरून दोनदा लावला. चौदा दिवस गावाबाहेर शेतातल्या झोपडीत ठेवलं असेल त्यांना, तिथं चार्जिंग कुठलं मिळणार? तुमचाही लागत नाही. मग शाळेत दूध आणणारा गनीभाई म्हणाला, ‘भाभी, चिठ्ठी लिहून द्या. मी नगरला दूध घेऊन जातो, माझा मेव्हणा पाथर्डीला पेंड पोचवतो. आमच्या गाड्या कुणी अडवत नाही.’ माणसं अडवतात आणि दूध सोडतात, असे दिवस आलेत. म्हणून वहीची पानं फाडून बसले आहे. उत्तर त्याच मेव्हण्याकडे द्या.

आता काय झालं ते सांगते, कारण पुरुष मंडळींनी तिकडे काय सांगितलं असेल देव जाणे.

सोमवारी सकाळी कारखान्यावरून आमचा ट्रक सुटला. महिनाभर तिथं पाचटाच्या कोप्यांमध्ये कोंडल्यासारखे होतो, ऊस संपला तरी हलू देईनात. शेवटी सरकारनं सोडायचं ठरवलं. टोळीची यादी द्यायची, यादीप्रमाणे डॉक्टर तपासणार, दाखला देणार, मग परवाना. सगळं रीतसर झालं. दौंड मागं पडलं, नदीवरचा पूल ओलांडला, आणि आपला जिल्हा लागला म्हणून बायकांनी हात जोडले. तिथंच नाका होता.

साहेब तरुण होता, तोंडाला फडकं, हातात कागद. एकेक नाव वाचायचा, ते माणूस उठून उभं राहायचं. अकरा नावं वाचली. अकरा गडी उभे राहिले. साहेबानं कागदाची घडी घातली आणि आमच्याकडे बघून विचारलं, ‘ह्या कोण?’

बिभीषण मुकादम म्हणाला, ‘सायेब, आमच्याच बायका की. टोळीतल्या.’

‘यादीत नाहीत. तपासलेल्या नाहीत. दाखला नाही.’

‘आवो, पाच महिनं ऊस तोडलाय त्यांनी.’

‘तोडला असेल. इथं नाव नाही.’ आणि मग त्यानं विचारलं, ‘यादी कुणी केली ही?’

मुकादम जरा थांबला आणि म्हणाला, ‘म्या केली.’ मग साहेब त्याला जे बोलला ते मी लिहीत नाही. यादीत चूक झाली होती एवढं खरं. ती कशी झाली, हे आता उगाळत बसण्यात काही अर्थ नाही.

साहेबानं दोनच वाटा दिल्या. सगळे परत कारखान्यावर, नाहीतर नाव असलेले पुढे आणि नाव नसलेल्या इथं चौदा दिवस. पुरुषांनी एकमेकांकडे बघितलं. आम्ही खाली उतरलो. तुमचे दीर ट्रकाच्या फाळक्यावर पाय लोंबकळत ठेवून बसले होते, ते तसेच बसले. ‘म्या जाऊन कायतरी करतो,’ म्हणाले. काय करणार होते ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पीठ, स्टोव्ह, अंथरुणं, सगळं ट्रकात गेलं. कडेवरची तीन लेकरं आमच्याकडे राहिली. आमच्या डाव्या हातावर शाईचे शिक्के मारले आणि शाळेत आणून सोडलं. चौथीचा वर्ग आहे. फळ्यावर मार्चमधली तारीख अजून तशीच आहे.

अक्का, दिवाळीनंतर निघताना तुम्ही दिपालीचा हात माझ्या हातात दिला होता. ‘पहिलटकरीन हाय, नववा लागायच्या आत माज्या दारात आनून सोड,’ म्हणाला होतात. मी हो म्हटलं होतं. नववा लागून आठवडा झाला. मला विसर पडलेला नाही.

काल दोघी जणी म्हणाल्या, रानातनं कालव्याच्या कडेनं चालत निघू, चार दिवसांत पोचू. मी दाराशी आडवी बसले. म्हटलं, आपण कुणाचं चोरलेलं नाही, चोरासारखं जायचं नाही. ह्या पोरीला घेऊन कालव्यानं चालवत नेऊ का? कागदानं अडवलंय, कागदानंच जाऊ. रोज अकराला साहेबाची जीप येते. मी रोज अकराला फाटकाशी उभी असते. त्याला माझं तोंड पाठ होईपर्यंत उभी राहणार आहे.

जयाला सांगा, आई येतेय. तिला तुमच्याजवळच झोपवा.

तुमची धाकटी जाऊ,
राही

*

काष्टी
मंगळवार, २८ एप्रिल २०२०

ती. मुक्ताअक्का यांना नमस्कार.

तुमचं पत्र काल मिळालं. गनीभाईचा रोजा होता, तरी भर उन्हात आधी चिठ्ठी द्यायला आत आला, मग दुधाचे कॅन उतरवले. आम्ही मोठ्यानं वाचलं. दिपाली दोन ओळींतच रडायला लागली, मग झुंबरबाईंनी तिला दटावलं, ‘आईचं पत्र हाय का मयताचं?’

झुंबरबाई म्हणजे त्या चिंचेजवळच्या वस्तीवरच्या, साठीच्या. त्यांचा मोठा आधार आहे. पाच बाळंतपणं स्वतःच्या हातानं केलीयेत. रोज सकाळी दिपालीच्या पोटाला हात लावून बघतात आणि मान हलवतात. हो की नाही ते काही सांगत नाहीत.

जयाला पदर आल्याचं वाचलं. शहाणी झाली माझी पोर, आणि मी इथं चौथीच्या वर्गात बसून आहे. मला लई वाईट वाटलं अक्का, खोटं कशाला बोलू. उठून मागच्या नळावर गेले आणि तिथं रडून घेतलं. तुम्ही तिला न्हाऊ घातलंत, ओवाळलंत, गोड केलंत. मी तिथं असते तरी ह्यापेक्षा जास्त केलं नसतं. तिला म्हणावं, घाबरू नको, आणि आईचा राग आला असेल तर येऊ दे.

आता तुमच्या पत्रातली दुसरी गोष्ट. तुम्ही लिहिलंय, बिभीषण मुकादमाला गावानं चांगला धडा दिला. त्याच्या घरच्यांना पंपावर पाणी भरू देत नाही, त्याच्या म्हशीचं दूध डेअरीवाला घेत नाही, आणि त्याचे चौदा दिवस झाले तरी त्याला शिवेच्या आत येऊ देणार नाही. ‘आमच्या बाया आनून दाव, मग ये,’ असं तुम्ही स्वतः वेशीत उभ्या राहून सांगितलंत. वाचताना आधी मला तुमचा अवतार डोळ्यासमोर आला आणि हसू आलं. मग मात्र जेवण गेलं नाही.

असं करू नका अक्का. त्याच्या घरात म्हातारी आई आहे, उन्हाळा आहे. पाणी तोडणं बरं नव्हे. तो काही मुद्दाम करणाऱ्यातला नाही. चूक कुणाच्याही हातनं होते. सगळं त्याच्या एकट्याच्या माथी मारू नका, एवढंच माझं म्हणणं. तुमच्या दिरांना विचारा, ते काय म्हणतात बघा. नको, विचारू नका. मी आल्यावर बोलू.

इकडचं सांगते. साहेबाला म्हटलं, नवी यादी देते, डॉक्टर पाठवा. तो म्हणाला, ‘पूर्ण नावं पाहिजेत, आधारप्रमाणे.’ मी वही घेऊन बसले, तर काय सांगू तुम्हाला. पहिलीला विचारलं, नाव काय? ती म्हणते, ‘लिव्हा की, आमच्या ह्यांची मंडळी.’ दुसरी नवऱ्याचं नाव घ्यायला लाजते, उखाण्यात सांगू का म्हणते. म्हटलं, बाई, तुझं नाव पाहिजे मला, त्याचं नको. तिसरीचं माहेरचं एक, सासरचं एक, आणि आधारावर तिसरंच. झुंबरबाई तर चिडल्याच. ‘आता साठ वर्सांनी कशाला पायजे माजं नाव? कोन हाक मारतंय?’ मी म्हटलं, साहेब मारणार आहे, तुम्ही उठून उभ्या राहा. अकरा नावं लिहायला मला दोन तास लागले. पुन्हा पुन्हा वाचून दाखवली. एकेकीनं कागदाला बोट लावून बघितलं, आपलं कुठलं म्हणून.

यादी दिली. साहेब म्हणाला वर पाठवतो. दुसऱ्या दिवशी विचारलं, म्हणाला वर गेलीय. तिसऱ्या दिवशी म्हणाला, ‘ताई, वर म्हणजे एक ठिकाण नसतं.’ मी म्हटलं, मग सगळ्या ठिकाणांची नावं सांगा, मी प्रत्येकाला एकेक प्रत लिहून देते. सात प्रती लिहिल्या. बोटाला घट्टा पडला, कोयत्यानं पडतो त्याच्या वर. परवा डॉक्टरीण येऊन गेली. अकराही जणींना तपासलं. दिपालीचे डोळे खाली ओढून बघितले आणि म्हणाली, रक्त कमी आहे, हिला इथं ठेवून चालणार नाही. पुढं म्हणाली, जवळच्या दवाखान्यात खाटा साथीच्या रोग्यांसाठी राखून ठेवल्यात, तिथं हिला नेणं मला बरं वाटत नाही, तिचं बाळंतपणाचं कार्ड जिथं आहे तिथं लवकर पोचवा. मी म्हटलं, हेच कागदावर लिहून द्या. तिनं दिलं. तो कागद मी पोलक्यात ठेवते, कुणाच्या हातात देत नाही. फक्त दाखवते.

दुपारी वेळ जाता जात नाही. झुंबरबाई त्यांच्या आजीकडून ऐकलेलं सांगतात. प्लेग आला की म्हणे सारं गाव घराला कुलूप घालून माळावर झोपड्या टाकून राहायचं. उंदीर पडला की निघायचं. सगळे बाहेर, म्हणून कुणाला कुणाचं वाईट वाटायचं नाही. आणि पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा काढायचे. वाजत गाजत आपल्या शिवेपर्यंत ओढायचा, पलीकडच्या गावाच्या हद्दीत लोटायचा आणि मागं न बघता घरी यायचं. मग त्या गावानं तो पुढच्या गावात लोटायचा. झुंबरबाई म्हणाल्या, ‘आपला त्यो गाडा झालाय बग. कारखान्यानं लोटला नाक्यावर, नाक्यानं लोटला शाळंत.’ बायका खूप हसल्या. मला मात्र बिभीषण मुकादम आठवला. त्याला तुम्ही कुठं लोटलंय?

त्याच्या आईला पाणी भरू द्या अक्का. माझ्यासाठी म्हणून तरी.

तुमची,
राही

*

काष्टी
सोमवार, ४ मे २०२०, सकाळ

ती. मुक्ताअक्का,

हे पत्र गनीभाईच्या हाती नाही. तुमच्या दिपालीच्या हाती आहे. तिला आधी आत घ्या, पाणी द्या, तिचे पाय वर ठेवा, आणि मग दारात बसून वाचा. ती काही आजारी नाही, फक्त दमली आहे. काल दुपारी पोटात कळा येऊन गेल्या, पण झुंबरबाई म्हणाल्या खोट्या आहेत. सकाळपासून ठीक आहे.

परवाना निघाला. दोघींचाच निघाला. ‘गरोदर महिला व सोबत एक,’ एवढंच लिहिलंय. आमचे चौदा दिवस काल संपले, पण बाकीच्यांना गाडी नाही, गाडी आली तर डिझेलचा परवाना नाही, आणि तो आला तर तोवर नियम बदललेला. साहेब म्हणाला, ‘ताई, तुम्हीच सोबत जा. तुम्हीच तर मागं लागलात.’ जीप फाटकाशी उभी आहे. मी झुंबरबाईंना पाठवते आहे. वाटेत काही झालंच तर त्यांचा हात उपयोगी पडेल, माझा नाही. आणि मागे राहिलेल्या आठ जणींत लिहिणारं कुणी नाही. मी गेले तर त्यांचं पत्र कोण लिहिणार?

हे एक कारण झालं. दुसरं सांगायला मला दोन पत्रं लागली, आणि दोन्हीत मी तोंड चुकवलं.

ती यादी मी लिहिली, अक्का. बिभीषण मुकादमानं नाही. मी.

त्या दिवशी दुपारी मुकादमाच्या उजव्या हाताला सूज होती, उसाचं पान चिरून गेलं होतं. माझ्याकडे वही घेऊन आला. म्हणाला, ‘राही, सायेब बसलाय हापिसात. तुजं अक्षर चांगलं हाय. समद्यांची नावं लिव्हून दी.’ समद्यांची म्हणाला तो. मी ऐकलं. चुलीपुढं बसले होते, हात धुतले, पदराला पुसले, आणि लिहायला घेतलं. टोळीचा पुकारा दहा वर्षं मी जसा ऐकला तसाच लिहिला. जोडीला एक नाव, नवऱ्याचं. वैजनाथ लिहिलं, की त्यात मी आलेच. दिपालीच्या नवऱ्याचं लिहिलं, की त्यात ती आली. अकरा नावं झाली. मोजली. जोड्या अकरा, बरोबर. वर ‘ऊसतोड मजुरांची यादी’ असं लिहून खाली पट्टीनं रेघ मारली. मला वाईट वाटलं नाही, शंकासुद्धा आली नाही. उलट अक्षर छान आलं म्हणून मी ती दोनदा बघितली. हापिसातल्या साहेबानंही म्हणे कौतुक केलं.

कारखान्यावरच्या डॉक्टरनं नाव वाचलं तसा एकेक गडी पुढे गेला. आम्ही भाकऱ्या थापत होतो. एकीलाही वाटलं नाही की आपल्याला का बोलावत नाहीत.

नाक्यावर साहेबानं विचारलं, यादी कुणी केली. मुकादमानं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मग तो म्हणाला, म्या केली. तो वाचवायला बोलला, मी वाचले. तुमचे दीर सगळं जाणून होते, तेही गप्प बसले. तेव्हा लाज वाटली म्हणून बोलले नाही. मग बायका मुकादमाला शिव्या घालायला लागल्या तेव्हा भीती वाटली म्हणून बोलले नाही. मग तुमचं पत्र आलं, त्याची आई दीड मैलावरच्या विहिरीवरून पाणी आणते असं तुम्ही अभिमानानं लिहिलंत, आणि मी उत्तरात पाणी भरू द्या एवढंच लिहिलं. का, ते लिहिलं नाही. त्या म्हातारीच्या घागरीचं ओझं माझ्या डोक्यावर आहे, हे मला ठाऊक होतं आणि मी भात शिजवत राहिले.

परवा दुपारी झुंबरबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘पयली यादी बी तूच लिव्हली व्हतीस न्हवं?’ मी हो म्हटलं. म्हणाल्या, ‘मला वाटलंच. मुकादमाला कुठं येतंय एवढं लिव्हायला.’ आणि तांदूळ निवडत राहिल्या. मला वाटलं रागावतील. सूप खाली ठेवत म्हणाल्या, ‘मला सांगून काय व्हनार? ज्यांना सांगायचं त्यांना सांग.’

काल मी वर्गात सगळ्यांना बसवलं आणि उभं राहून सांगितलं. एकीनं ताट भिरकावलं. एक म्हणाली, एवढं शिकलीस त्यापेक्षा अडाणी बरी होतीस. खरं आहे तिचं. दोघी अजून माझ्याशी बोलत नाहीत, पण आज सकाळी मीच लिहिलेला अर्ज त्यांनी सहीसाठी पुढं ओढला. माझ्या हातानं अडकल्या, आता माझ्याच हातानं सुटायचं आहे त्यांना.

तुमची लेक मात्र भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. संध्याकाळी मी तिच्या पायांना तेल लावायला बसले, तर पाय ओढून घेतले. मग म्हणाली, ‘काकी, तुमी रोज शंभरदा हाक मारत व्हता मला. दिपे पानी आन, दिपे मोळी बांध. लिवताना कुटं गेले मी?’ अक्का, त्या पोरीनं नऊ महिन्यांचं पोट घेऊन चौदा दिवस फरशीवर काढले, आणि ते माझ्या हातून झालं. मी तिच्यापुढं रडले नाही. माझं रडं बघायची पाळी तिच्यावर कशाला? तेल लावून दिलं. दुसऱ्यांदा तिनं पाय ओढले नाहीत.

आता मी सांगते ते करा. विनंती नाही, थोरल्या जावेला धाकटीनं सांगायची पद्धत नाही हे मला ठाऊक आहे, तरी सांगतेच आहे.

आजच्या आज बिभीषण मुकादमाच्या आईला पंपावर नेऊन तिची घागर तुम्ही स्वतः भरून द्या. तुम्ही वेशीत उभ्या राहून त्याला अडवलंत, तर तुम्हीच वेशीत उभ्या राहून त्याला आत घ्या. आणि हे पत्र देवळाच्या भोंग्यावरून वाचून दाखवा. सगळं. माझं रडणं, तुमच्या दिरांचं गप्प बसणं, एकही ओळ गाळू नका. भोंग्यावरून रोज सांगतात ना, अमका बाहेरून आलाय, त्याच्या घरी जाऊ नका? तर एकदा माझं नाव घेऊन सांगा. जया ऐकेल. ऐकू द्या. आपल्या आईनं काय केलं ते तिला आपल्याच घरातून कळू दे, पाणवठ्यावर नको.

माझ्यावर रागवाल, ते मी धरून चाललेय. तुम्ही लेकीचा हात माझ्या हातात दिला होता. तिला तुमच्या दारात आणून सोडते म्हटलं होतं. दारात ती आली, पण मी आणली असं म्हणायचं तोंड मला नाही. तिला साहेबाच्या जीपनं आणली. मी तिला अडकवली आणि मग सोडवली, ह्यातलं दुसरं पहिल्याला पुरं पडत नाही, हे मला कळतं.

पण मी इथं तोंड लपवून बसणार नाही. आठ जणी आहेत माझ्याबरोबर, आणि रोज अकराला जीप येते. एकेकीचा परवाना काढीन, एकेकीला गाडीत बसवीन, आणि ट्रक भरला की त्यात शेवटी चढीन. मग गावाला येईन. चौदा दिवस रानात राहायला सांगाल तर चौदा राहीन, महिना सांगाल तर महिना.

मुकादमाला अडवलंत तशी मला अडवणार असाल तर अडवा, माझी ना नाही. माणसं बोलवा, पंप बंद करा. मी शिवेवर बसून राहीन, रोज सकाळी उठून तुम्हाला हाक मारीन, मुक्ताअक्का म्हणून, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी. तुम्ही ओ दिल्याशिवाय मी आत पाऊल टाकणार नाही, आणि तुम्ही ओ दिल्याशिवाय मी तिथून उठणारही नाही.

जीपवाला घाई करतोय. दिपालीला सांभाळा.

तिला यादीतून वगळणारी तिची काकी,
राही